उघड्या हातानं ठेवलेली तुळस

सावेडी, अहिल्यानगर
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

प्रिय ज्योती,

बाळाला पापा, मामा-मामींना नमस्कार, आणि तुला काय ते तुला माहीत आहे. हातात मोबाईल असताना नवरा पत्र लिहितो म्हणून हसू नकोस. तुझा फोन मामी स्पीकरवर टाकतात आणि मग अर्धं कोल्हार माझ्याशी बोलतं. परवा मी "जेवलीस का" विचारलं, तर उत्तर तुझ्या चुलत्यांनी दिलं. शेजारच्या रेश्मावहिनी उद्या भगवतीच्या दर्शनाला येताहेत, त्यांच्याबरोबर हे देतोय. सोबत डिंकाचे लाडू आहेत. मी केलेले नाहीत, निर्धास्त खा.

इकडं सगळं ठीक. गॅस संपला होता, भरून आणला. तुझी तुळस जिवंत आहे, मोगरा मात्र रुसलाय. अक्षर वाकडंतिकडं वाटेल, कारण भाजी चिरताना अंगठ्याला विळी लागली. विशेष काही नाही.

बारशाचं मात्र अवघड दिसतंय. शनिवारी सुट्टी मिळेल असं वाटत नाही. मामांना सांग, जावयाच्या कॉलेजात गडबड आहे. ते सगळ्यांना सांगतात की जावई कॉलेजच्या लॅबला असतो, ते तसंच राहू दे. लांबून नातेवाईक यायचे असले की तोवर मृतदेह टिकवून ठेवायचं काम त्यांचा जावई करतो, हे बाळंतिणीच्या घरात आत्ता कशाला.

गुरुवारी एक आजी आल्या होत्या. राहीबाई नाव, शनिशिंगणापूरकडच्या. मुलगा कॅनडाला, तो आज पोचणार होता. त्यांच्या मुलीचा जीव कशात अडकला होता माहितीये? आमच्या खोलीच्या कुलपात. "आमच्याकडं घराला दार नसतंय दादा, आन् आईला कुलपात ठिवता?" मी म्हटलं, ताई, चावी माझ्याच खिशात असते, आजींना एकटं वाटू देणार नाही. मग तिनं कागदाची पुडी दिली. आत तुळशीचं पान आणि सोन्याचा कण. म्हणाली, "तोंडात तुमीच ठिवा. पन रबराच्या हातानं नगा ठिवू. तिनं उभ्या जन्मात देवाला आंघोळ केल्याबिगर हात लावला न्हाई."

तिनं सांगितलं तशीच ठेवली.

तू लग्नाआधी दवाखान्यात काम करत होतीस तेव्हा काविळीची लस घेतली होतीस का गं? सहज विचारतोय. आणि बाळाला जन्मल्यावर जी दिली ती कार्डावर नीट लिहिलीय ना, तेवढं बघून ठेव.

बुधवारी बाळाला मांडीवर घेतलं, त्याचा वास अजून शर्टाला आहे. तो शर्ट धुतला नाही. मामींना सांगू नकोस, म्हणतील जावई पारोसा राहतो.

तुझाच,
भागवत


सावेडी
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

ज्योती,

सोमवारचं पत्र तुला मिळालं, फोनवर कळलं. "अंगठा कसा आहे" असं तू विचारलंस आणि मी "कुठला अंगठा" म्हणालो. तू नुसतं "बरं" म्हणालीस, तेव्हाच कळलं की तुला संशय आलाय. तुझ्यापुढं माझी थाप कधी टिकली आहे? ते पत्र अर्धं होतं. उरलेलं आता लिहितो, आणि हे शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

अंगठ्याला विळी लागली नव्हती. सुई टोचली.

राहीबाईंच्या तोंडात तुळस ठेवायला मी दोन्ही हातमोजे काढले. पान ठेवलं, सोनं ठेवलं, बोटानं ओठ मिटले. ओठ मिटलेले राहावेत म्हणून आतून एक टाका घालावा लागतो. वाकडी सुई असते. नवे मोजे घालून मग टाका घालायचा, ही माझ्या हाताची सवय. पण बाहेर मुलगी रडत होती, ओठ पुन्हा उघडत होते, म्हटलं एकच तर टाका आहे. सुई ओठातून आली ती सरळ माझ्या अंगठ्यात. रक्त आलं. साबणानं धुतलं, वरून मोजे चढवले आणि काम संपवलं. कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत नोंद करायला त्यांची फाइल उघडली. आजींचं डायलिसिस चालू होतं. शेवटच्या पानावर लाल शिक्का, कावीळ ब, रक्तातून लागते ती. फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय देहाला हात लावायचा नाही, हा खाजाभाईंनी मला शिकवलेला पहिला धडा. सव्वीस वर्षं त्यांनी हे काम केलंय, एकदा सुई लागली नाही. मी मृत्यूचा दाखला पाहिला, पोलिसांचं पत्र पाहिलं, आणि बाकीची फाइल बाजूला ठेवली.

आता तू म्हणशील, लस होती ना तुम्हा लोकांना. होती. तीन डोस. मी दोनच घेतले. तिसरा डिसेंबरात होता, तुझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी. रजिस्टरवर सही केली, सिस्टर सुई भरायला वळल्या आणि मी बाहेर पडलो. इतके दिवस स्वतःला सांगत होतो की कोल्हारची गाडी चुकली असती. खरं हे की मला सुईची भीती वाटते. दिवसभर मेलेल्यांना टाके घालतो, आणि स्वतःच्या दंडाला सुई लावायची म्हटलं की दार शोधतो. हस तू. मी हसायचा प्रयत्न करून पाहिला.

म्हणून कॉलेजात कळवलं नाही. सुई लागली म्हणून सांगायला गेलो तर आधी लसीचं रजिस्टर उघडणार, आणि खोटी सही बाहेर येणार. मार्चमध्ये मला कायम करायचं पत्र निघणार आहे. आणि दुसऱ्या बाजूला घड्याळ चालू होतं. लस पुरी नसेल तर एक वेगळं इंजेक्शन घ्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. सात दिवसांनंतर त्याचा भरवसा नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी आरशात डोळे पिवळे दिसतात का बघितलं, तीनदा. सोमवारी तुला लाडू पाठवले.

आज सहावा दिवस. सकाळी एका गृहस्थांचा देह आला, त्यांच्या घरच्यांनी तोंडात घालायला गंगाजळाची बाटली दिली. आमच्याकडं निकिता नावाची मुलगी नोव्हेंबरपासून शिकतेय. मी मास्क बांधत होतो. वळून बघतो तर तिनं हातमोजे काढलेले, ट्रेमध्ये सुई तशीच उघडी, आणि ती बाटलीचं झाकण काढतेय.

मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरची माणसं उभी राहिली. तिचा हात धरून नळाखाली नेला, काही झालेलं नसताना. ती रडायला लागली. म्हणाली, "दादा, तुमीच तर गुरुवारी केलं. मला वाटलं, आसंच करायचं आसतंय."

खाजाभाई दारात होते. त्यांनी माझा अंगठा धरला, उजेडात नेला, आणि टोचल्याची खूण बघितली. मग म्हणाले, "भागवत, इज्जत मनातून द्यायची आसती रे. मुर्द्याला हातमोज्याचा राग येत न्हाई. घरात बाळ आलंय ना तुझ्या?" मी तिथंच, निकितासमोर सगळं सांगितलं, सहीसकट.

तसाच आमच्या विभागप्रमुख मॅडमकडं गेलो. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती तास झाले?" मला तास सांगता येईनात, दिवस सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग फोनाफोनी. इंजेक्शन पुण्याहून आलं, संध्याकाळी सहाला घेतलं. तिसरा डोस दुसऱ्या दंडावर. निकितानं माझा हात धरला होता, एवढं तुला सांगून ठेवतो.

माझ्या सहीसमोर मॅडमनी लाल पेनानं "डोस दिलेला नाही" असं लिहिलं. मार्चच्या पत्राबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. रक्त आज तपासायला घेतलंय, पुन्हा काही महिन्यांनी घेतील. इंजेक्शन उशिरा झालं, त्यामुळे खात्री कुणीच देत नाही. मला भीती वाटते ज्योती. फार वाटते.

मांडीवर घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे लागत नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. बाळाला जन्माच्या दिवशीच सुई दिलेली आहे. एवढंसं पोर, क्षणभर रडलं आणि गप्प झालं, आणि त्याचा बाप पळून गेला. तू मात्र डोस घेतलेले नसशील तर हे वाचलंस की लगेच आरोग्य केंद्रात जा. तिन्ही घे. निकाल लागेपर्यंत आपण दोघांनी कसं राहायचं, ते मॅडमनी सांगितलंय, ते समोर बसून बोलू.

हे पत्र मामांना वाचून दाखव. लॅबचं नाव सांगून मी कंटाळलोय. काम कुठलं करतो तेही सांग. त्यांना माझ्या हातचं पाणी नको वाटलं, तर तेही मला कळू दे.

शनिवारी मी येतोय. सुट्टी मॅडमनी न मागता दिली. मी अंगणात उभा राहीन. आत बोलवायचं, बाळ हातात द्यायचं, ते तू ठरव. मामींकडून निरोप नको. नको वाटलं तर बाळाला खिडकीशी धर, तेवढं बघून परत जाईन, आणि रागावणार नाही.

तुझ्या तोंडून "या" ऐकायला अंगणात थांबणारा,
भागवत