भुरीले काय चारलं?

जरीपटका, नागपूर
ता. ४ फेब्रुवारी १९७४

चि. चंपत यास गोपिकाबाईचा आशीर्वाद.

खुशाली मागून लिहीन, आधी हे सांग गा, तुह्या बायकोनं माह्या भुरीले काय चारलं? लेकीच्या, शामलाच्या बाळंतपणाले मी वर्ध्याले गेली, तं आठ दिवस मांजर तुमच्या भरवशावर खाप्याले ठेवली. धडधाकट दिली होती. शुक्रवारी पिशवीत घालून घरी आणली, तवापासून ओकून राहिली. पहिले दूध ओकली, आता नुसता पिवळा फेस. बशी तोंडाजवळ नेली का मान फिरवते. लाळ गळते. शेजारची रंभाबाई म्हणते, नासकी मच्छी पोटात गेली असन. मलेही तेच वाटते. तुह्या तारेले शिळं काय अन् ताजं काय, हे कधी समजलं?

तुम्ही म्हणसान, एका मांजरीसाठी मोठी बहीण कागद खराब करते. करते. तुहे भाऊजी गेल्यापासून या घरात माह्या हाकेले ओ देणारं दुसरं कोण आहे? खरं काय ते लिहिजो.

तुही बाई, गोपिका

खापा
ता. ६ फेब्रुवारी १९७४

ती. बाईस चंपतचा साष्टांग नमस्कार.

तुहं पत्र तारेले वाचून दाखवलं. त्या दिवशी चूल उशिरा पेटली. घरात महिनाभर मच्छी आली नाही. भुरी तं पहिले दोन दिवस जेवलीच नाही. मग तारा हातावर घेऊन चारू लागली, तवा खाल्लं.

आता रागावू नको. आंगणात मागाचं सूत वाळत होतं, तांदळाची खळ लावलेलं. तू विणकराचीच पोरगी, तुले काय सांगू? भुरी दिवसभर ते चाटत बसे अन् आम्ही हसत राहिलो. पिलू होती तवापासून तू तिले भाताची पेज पाजते, तोच वास. शेवटच्या दिवशी हात-दीड हात सूत तुटलेलं दिसलं. ते गेलं कुठं, हे तुहं पत्र येईपर्यंत ध्यानात आलं नाही. तिच्या जिभेखाली पाहून घे. सूत दिसलं तं ओढू नको, बाई. शेजारच्या नत्थूनं त्याच्या बोक्याचं असंच ओढलं, आतडं चिरलं, तो वाचला नाही. जनावराच्या डाक्टरकडे ने.

तुहा चंपत

जरीपटका
ता. ११ फेब्रुवारी १९७४

चि. चंपत यास आशीर्वाद. तारेले द्यावा का नाही, ते पत्र पुरं झाल्यावर ठरवीन.

सूत जिभेलेच अटकलं होतं, दुसरं टोक पोटात. माहा हात शिवशिवला, पण ओढलं नाही. डाक्टरनं शनिवारी पोट फाडून काढलं. दीड हात निघालं. एवढं सूत गिळेपर्यंत तुमच्या घरात कोणाले डोळे नव्हते?

पेज मी पाजली, हे तू लिहिलं. डाक्टरनंही विचारलं, घरी काय देता? मी दूध सांगितलं, पेजेचं नाव घेतलं नाही. त्याले नाही सांगितलं ते तुले सांगून राहिली, चूक कोणाची ते तेवढ्यात समज.

ओकणं थांबलं. पण खाणं नाही. दूध झालं, अंडं झालं, मटनाचं पाणी झालं, जिभेनं शिवतही नाही. पेजेचं भांडंच मी घासून फळीवर पालथं ठेवलं. डाक्टर म्हणते, मांजर उपाशी टिकत नाही; गुरुवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तं टाके भरून उपयोग नाही.

तुह्या पत्रात होतं, खाप्यालेही दोन दिवस जेवली नव्हती अन् तारेच्या हातावरचं खाल्लं. काय होतं त्या हातावर? मांडीवर घेत होती का खाली बसवत होती? तिले लिहिता येत नाही, हे मले माहीत आहे. तवा कागद पाठवू नको, तिलेच पाठव. मच्छीचं मी लिहिलं ते रंभाबाईच्या सांगण्यावरून, हेही तिच्या कानावर घाल. मी स्टँडवर उभी राहीन.

तारेलेही आशीर्वाद. लोभ असन तं गुरुवारी दुपारच्या आत मोटारीतून उतरताना दिसला पायजे.

तुही बाई, गोपिका