कोरडा गॉगल

मंगळवार, संध्याकाळ

शी! स्वतःचाच वीट आला. तीनदा ट्रायथलॉन पूर्ण केलेला मी. कोपरीहून डोंबिवलीला राहायला आल्यावर पोहणं सुटलं; दीड वर्षानं आज सकाळी स्विमिंग पूलमध्ये उतरलो आणि दुसऱ्याच फेरीत धापा टाकत थांबलो. वर गॉगलमध्ये पाणी शिरल्याचं नाटक! गॉगल आतून कोरडा ठणठणीत.

काठावरची बाई कोचला कुजबुजली, "सर, काकांना नवशिक्यांत घ्या ना." माझे कान तिखट.

"अहो, त्यांच्या गॉगलचा प्रॉब्लेम आहे," कोच म्हणाला. तो माझी अब्रू झाकत होता, आणि मी झाकू दिली! हमालीतून दुकान उभं केलं, तेव्हा कुठे असली सोंगं केली? गॉगल म्हणे!

पण शर्यतीत पुन्हा उतरायचं तर...? आत्ताच कोचला फोन केला. "सर, नवशिक्यांची बॅच किती वाजता?"

"सहाला. या काका, धरून पोहायची फळी तुमच्यासाठी सकाळीच काढून ठेवलीय."