कुंडीतली अंजनी

१४ जून
आणली एकदाची! खाणीमागच्या उतारावरून, मुळांसकट, पोत्यात गुंडाळून. उद्या तिथे बुलडोझर फिरणारच होता. अंजनीचं बोन्साय आमच्या मंडळात कुणी केल्याचं ऐकलं नाही. ताई गच्चीत तिच्या बक्षीसवाल्या झाडांत बसलेली. पोत्याकडे बघून म्हणाली, "सरपण आणलंस का गं?" तिला चेष्टेला बाहेरचं कुणी लागत नाही. बहीण पुरते.

२ जुलै
सगळी पानं गळली. ताई — "तुझ्या हाताला यशच नाही."

१९ ऑगस्ट
डोळे फुटले! बुंध्यावर, चक्क जुन्या लाकडातून! मोहरीएवढे, तांबूस. ताईला दाखवले नाहीत.

५ नोव्हेंबर
वाकवण्यासाठी फांदीला तार गुंडाळायला गेले आणि ती काडकन मोडली. लोखंड परवडलं! आता कळलं — हिचं जून लाकूड वाकत नाही. कोवळ्या फुटीलाच वळण द्यायचं, बाकी सगळं छाटणीवर. ताईला आधी विचारायला हवं होतं? छे! टोमणे ऐकण्यापेक्षा फांदी मोडलेली बरी.

२१ मार्च
निळी फुलं! फांदीला चिकटून, झुबकेच्या झुबके. मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या त्या ताईच्या झाडांकडे पाठ करून अंजनीसमोरच उभ्या. "प्रदर्शनात मधल्या टेबलावर हीच." मधलं टेबल आजवर ताईचं. ताईने चहा अर्धाच ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

३० मार्च
कामावरून आले. मुख्य फांदीच छाटलेली! फुलांसकट कुंडीत पडलेली. ताई कात्री पुसत होती. "वाळकी काडी होती, काढली."
वाळकी?!


९ एप्रिल
ताई जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य — "माझ्या झाडांना पाणी घाल हं."
"घालते," म्हटलं.
घातलं नाही.

१७ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. तिचा उंबर वाळला, चिंच गेली. जुनिपरची गंमत — मेला तरी बरेच दिवस हिरवाच दिसतो. संध्याकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसते. पानं चुरून बघते. कुरकुरीत! ताई विचारते, "कशी आहेत गं माझी लेकरं?" "मजेत." आणि सूपचा पुढचा चमचा तिच्या तोंडाशी नेते.

२४ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, "त्यांना पायरी दिसलीच नसणार. उजवा डोळा पूर्ण गेलाय, डावाही चाललाय. वर्ष तरी झालं असेल. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"
ताईने चाचपत माझा हात धरला. "सांगितलं असतं तर कात्री काढून घेतली असतीस तू. तुझी अंजनी... खरंच वाळकी काडी वाटली गं मला. उद्या घरी गेलो की माझी एकेक कुंडी मांडीवर आणून ठेव. बघच तू — नुसता हात लावून ओळखीन."