पाखरमाळावरची गणती

७ डिसेंबर २०२५, रविवार

माळाच्या समितीचा अध्यक्ष वैजनाथ म्हणाला, "मॅडम, तोंडी तक्रार नको. तारीखवार लिहून ठेवा, मग बघू." म्हणून ही वही. समितीला द्यायचं ते वेगळं लिहीन. हे माझं.

मुद्दा एकच. केसरबाई पक्ष्यांचे आकडे मनाने सांगते. प्रजासत्ताक दिनाला ग्रामसभेत हिवाळी गणतीची वही वाचून दाखवतात. त्याच्या आत हे मला सिद्ध करायचं आहे. खोटे आकडे माझ्या अक्षरात गावापुढे वाचले जाणार नाहीत.

केसरबाई म्हणजे शेंद्र्यापलीकडच्या आमच्या पाखरमाळाची राखणदार. गावाचं ऐंशी एकर गायरान — गवत, बोराटी, हिवर. गाव आणि शहरातले आम्ही काही लोक मिळून राखतो. पहिले पाच हिवाळे मी एकटीने गणती केली. नंतर गुडघा दुखायला लागला, केसरबाई सोबतीला आली. ती नाव सांगणार, मी लिहिणार. तीन हिवाळे ती सांगेल ते लिहीत गेले — माझी चूक! गेल्या वर्षी लक्षात आलं, ती जिथे बोट दाखवते तिथे नुसतं झुडूप असतं.

यंदापासून दोन वह्या. तिची वेगळी, माझी वेगळी. मध्ये बोलायचं नाही.

आज ती नव्हती. चैत्यभूमीहून परत यायची आहे. तेव्हा पुढच्या रविवारपासून.

१४ डिसेंबर, रविवार

आज गणतीही आणि ओढ्यावर वनराई बंधाराही. शहरातून बावीस स्वयंसेवक आले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, तोंड शिवायचं, रचायच्या. पाचवीच्या पोराला जमेल असं काम. बावीस जणांनी दोन तासांत एकोणीस गोण्या भरल्या आणि फोटो मात्र दोनशे काढले. एक गृहस्थ लष्करी रंगाचं जाकीट घालून आले होते. वाळूला घाबरवायला असावं. शेवटी गावच्या चार बायकांनी पदर खोचले आणि दुपारपर्यंत ओढा अडवला. वैजनाथने भाषणात आभार मानले ते स्वयंसेवकांचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, गोणी कुणी उचलली हे त्याला लांबूनही कळायला हवं.

मनस्विनी नावाची एक मुलगी हल्ली माझ्यामागे असते. प्रश्न विचारला की ओठ हलतात, शब्द बाहेर पडत नाहीत. ही सगळी पिढीच पुटपुटते. घरी हिमानी तशीच. सून म्हणून सांगत नाही, चांगली आहे. पण बोलताना अर्धं अक्षर गिळते.

गणती : दहा थांबे, प्रत्येकी पाच मिनिटं. वटवट्या — मी शून्य, केसरबाई तेवीस. तेवीस!

२१ डिसेंबर, रविवार

वटवट्या : मी शून्य, ती एकोणीस. शिंजीर : मी दोन (दिसले), ती अकरा. तीरचिमणी : मी चार, ती सोळा.

चौथ्या थांब्यावर विचारलं, "कुठे आहेत?"

"त्या बोराटीत की, बाई. तीन हायेत."

"मला एकही दिसत नाही."

"दिसायचं नाय. ते बाहीर येत नायत."

सोयीचं आहे! जो पक्षी दिसत नाही तो कितीही असू शकतो.

२८ डिसेंबर, रविवार

कडाका. गवतावर दहिवर, बोटं बधिर. केसरबाई म्हणाली, "बाई, कानटोपी काढा की जरा." काढली. पाच मिनिटं उभी राहिले, कान गार पडले, वटवट्या शून्य. ती सातव्या रेघेवर होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिने वही छातीशी धरली. शाळेत तीस वर्षं पर्यवेक्षिका होते. वही अशी कोण धरतं हे मला शिकवायची गरज नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

पुरावा सापडला.

संध्याकाळी जुन्या वह्या काढल्या. पक्षी दिसला तर 'दि', नुसता ऐकला तर 'ऐ', अशी खूण मीच ठरवली होती. माझ्या पाच हिवाळ्यांच्या 'ऐ'ची बेरीज — २१२, १८७, १५०, १०४, ६१. माळ ओस पडत होता. सहाव्या हिवाळ्यात केसरबाई आली आणि आकडा एकदम २०८! पाखरं काय तिची वाट बघत गावाबाहेर थांबली होती?

तक्रारअर्ज लिहिला. दीड पान. एकही खाडाखोड नाही.

११ जानेवारी, रविवार

गणतीनंतर गावच्या शाळेत बैठक. मी आकडे वाचले. वैजनाथने मान डोलावली — त्याला बेरजा आवडतात, करायला नाही, ऐकायला. केसरबाईला विचारलं, काय म्हणणं आहे.

"दिसत नाय म्हणून पाखरू खोटं व्हय? वारं दिसतंय का कुणाला?"

कोणीतरी हसलं. मग ती म्हणाली, "बाईंनीच शिकवलंय मला. केसरबाई, डोळे मिट, कानानं मोज, म्हणून." आणि माझ्याकडे बघितलं. आणखी काहीतरी म्हणणार होती. गिळलं. खोटं उघडं पडलं की माणूस असंच गप्प होतं.

ठराव झाला. केसरबाईला माळाच्या कामातून कमी करायचं, आणि तिचे आकडे खोटे ठरवून वहीतून काढले हे ग्रामसभेत जाहीर करायचं. तिने राखणदाराचं जाकीट अंगातून काढलं, घडी घातली, टेबलावर ठेवलं. बाहेर पडताना मनस्विनीला म्हणाली, "पाणवठ्यात पाणी टाकत जा बरं का, पोरी." मनस्विनी रडली. हिला रडायला काय झालं!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आणि नामविस्तार दिन. केसरबाई विद्यापीठ गेटला गेली असेल. दरवर्षी परतताना माझ्या दारी थांबते, तिळगूळ घेते आणि वर टोमणा मारते — "बाई, गोड बोला म्हणता, सुरुवात कवा करणार?" यंदा आली नाही.

न का येईना.

१५ जानेवारी, गुरुवार

ग्रामसभेसाठी तक्ता करायला बसले. एकूण बेरीज पुरेशी होती. पण मला अर्धवट काम करता येत नाही. प्रत्येक पक्ष्याचा 'ऐ' वेगळा काढला.

पहिले पाच हिवाळे. फक्त मी. सोबत कोणी नाही.

वटवट्या : ९४, ८०, ५१, २२, ३.
शिंजीर : ४०, ३१, २५, ११, ०.
तित्तर : १९, २१, १८, २०, १९.
होला : ३३, ३०, ३२, ३१, ३२.
भारद्वाज : जवळपास तेवढाच, पाचही वर्षं.

बारीक आवाजाची पाखरं संपली. जाड आवाजाची एकही कमी झाली नाही.

दुष्काळ असो, शिकारी असो, रोग असो — पाखराचा आवाज बघून कोणी त्याला मारत नाही.

तक्ता तीनदा तपासला. बेरीज बरोबर आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

हिमानीला डिजिटल थर्मामीटर काखेत धरायला लावला. "वाजला की बोट वर कर." तिने बोट वर केलं. मला वाटलं थट्टा करते. मी कानाला लावून बसले. तिने परत बोट वर केलं.

"आई, हे किती दिवस..." पुढचं कळलं नाही. बहुतेक ती पुटपुटली नव्हती.

१७ जानेवारी, शनिवार

कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. बराच वेळ नुसती बसून होते, यंत्र बिघडलं आहे असं समजून. बिघडलेलं नव्हतं. खालचे आवाज शाबूत, वरचे गेलेले. दोन्ही कान.

त्यांनी विचारलं, "साधारण किती वर्षांपासून?"

म्हटलं, "साधारण कशाला? माझ्याकडे आकडे आहेत."

१९ जानेवारी, सोमवार

वैजनाथकडे गेले. डॉक्टरांचा कागद आणि माझा तक्ता दोन्ही पुढे ठेवले. त्याने चष्मा लावला, काढला, चहा मागवला.

"मॅडम, ठराव झालाय. आता मागे घेतला तर समितीचंच हसं. आणि तुमचंही. या वयात कशाला? ती बाई काही कोर्टात जात नाही. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तसं नव्हे हो... आपण असं करू, ग्रामसभेत नाव घ्यायचंच नाही. नुसते आकडे वाचू, तुमचे."

माझे! वटवट्या शून्य! सबंध गाव सकाळी ज्यांच्या आवाजाने उठतं, ती पाखरं गावात नाहीत असं मी गावाला वाचून दाखवायचं!

चहा न घेता उठले. त्याचा राग येतोय म्हणावं तर तो निदान आळशी आहे. मी मेहनत घेऊन चूक केली. दीड पान. खाडाखोड नाही.

२४ जानेवारी, शनिवार

दोनदा गावापर्यंत जाऊन आले. दोन्हीदा केसरबाईच्या गल्लीच्या तोंडावरून रिक्षा परत फिरवली. रिक्षावाला म्हणाला, "आंटी, उतरना है के नै?" उद्धट माणूस. प्रश्न बरोबर होता.

तिच्या घरी जाऊन कानात सांगणं खरं नव्हे. खोटी ठरवली ती चारचौघांत.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं. लेझीम झालं. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. वैजनाथने माझ्या हातात माईक देताना हळूच म्हटलं, "थोडक्यात." थोडक्यातच सांगितलं.

"केसरबाईचे आकडे खरे आहेत. माझे चुकीचे आहेत. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. पाच-सहा वर्षं येत नाहीत. मी तिला खोटी म्हणाले, ते खोटं होतं. यंदाची गणती तिच्या वहीतली धरावी."

पुढे बसलेला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "म्हंजी बाई बहिऱ्या हायेत व्हय?"

सगळे हसले. म्हटलं, "व्हय."

मग केसरबाईची वही वाचली. दहाही थांबे, एकेक पक्षी. लोक ऐकत होते. ठराव हात वर करून रद्द झाला. वैजनाथचा हात सगळ्यांत आधी वर!

केसरबाई बायकांमध्ये मागे उभी होती. पुढे आली नाही. माझ्याशी बोलली नाही. सभा संपायच्या आत निघून गेली. बरोबर केलं. मीही तेच केलं असतं.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पावणेसातला केसरबाई माळाच्या फाटकाशी, परत मिळालेलं जाकीट घालून उभी. मी वह्या पुढे केल्या. घेईना.

"मला तिसरं साल हाय हे माहीत असल्याला, बाई."

"काय?"

"तुमच्या कानाचं."

विचारलं, मग त्या दिवशी शाळेत बोलली का नाहीस?

"चार माणसांत तुमचं कसं काढावं? घरी सांगावं म्हणलं, तर तुम्ही यंदा दोन वह्या केल्या. लई राग आला. म्हणलं, ऱ्हाऊ द्या."

खोटी हे नाव तिने घेतलं. माझं उघडं पडू दिलं नाही. मी त्याला गिळलं असं लिहिलं आहे. वर आहे ते, खोडणार नाही.

पुढे वाद झाला. ती म्हणे वही तुम्हीच धरा, अक्षर चांगलं हाय. मी म्हटलं, जो ऐकतो त्याची वही. शेवटी असं ठरलं :

केसरबाईंना दिलं — जुन्या नोंदवह्या आठ, चालू वही एक, दुर्बीण एक, कपाटाची किल्ली एक. पोहोचल्याची सही घेतली.

केसरबाईंनी मला दिले — तित्तर, होला, भारद्वाज. मोरही देत होत्या. मोर नको म्हटलं, तो कोणालाही ऐकू येतो.

आज तित्तर चार.