दुसऱ्या नंबरवरचा डबा

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. मराठी लिहायची सवय नाही, शाळेत सगळं इंग्लिशच होतं, म्हणून बोलतो तसंच लिहितोय.

गेल्या महिन्यात कॉलवर माझा इंटरव्ह्यू चालू होता. समोरच्या मॅडम प्रश्न विचारता विचारता थिजल्या, तोंड अर्धं उघडं. परत जोडेपर्यंत वेळ संपली होती. तेव्हापासून मला लाइनवर शक. मी ट्रेसरूट लावला. तुम्हाला मजा आली असती. आपल्या घरातून निघालेलं डेटाचं पॅकेट ज्या ज्या मशीनमधून जातं, त्या ओळीने आपापला नंबर सांगतात. पहिला, हॉलमधला राउटर. दुसऱ्या जागी आपल्याला नेट देणाऱ्या भियांची मशीन पाहिजे होती. तिथे भलतंच कोणी बसलं होतं, आणि त्याचा नंबर घरातल्या मशीनचा असतो तसला. त्याला पिंग, म्हणजे 'आहेस का?' विचारणारी पॅकेटं, पाठवत राहिलो, तर तीनातलं एक पॅकेट गायब. त्याच्या पुढच्या सगळ्या मशीनवर तसंच.

भिया म्हणजे तेच, ज्यांच्यासोबत तुम्ही देवासभर टेलिफोनच्या तारा ओढल्या. तुम्ही असतानाच ते गल्लीला इंटरनेट द्यायला लागले. मी सरळ त्यांच्या ओटल्यावर गेलो. चार लोक चहा पीत बसले होते.

"भिया, बीच में ये डब्बा किसका है? हमारी लाइन किसको बाँट रखी है?"

भिया हसले. "तेरे बाप के साथ खंबे चढ़ा हूँ, तू मेरेको चोर बोल रिया है?"

"मैं नहीं, ये बोल रहा है," मी मोबाईल पुढे केला.

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो हटा ले, मेरा तार हटा ले." चौघांतले एक शेजारचे काका होते. दुसऱ्या दिवशी काकांनी भियांचं कनेक्शन बंद केलं.

मला ती दुपार आठवायला हवी होती. मी दुसरीत आहे, घरचा फोन बंद पडलाय, आणि मी ओरडतोय की समोरच्या पोरांनी तार कापली. तुम्ही टेस्टिंगचा फोन माझ्या गळ्यात अडकवता आणि म्हणता, "आधी आपल्या घरातून चालायचं. दुसऱ्याच्या दारात मग." तार उंदराने कुरतडलेली निघते, आपल्याच कपाटामागे. समोरच्या पोरांना सॉरी म्हणायला तुम्ही मला पाठवता.

परवा महालक्ष्म्यांची मोठी पातेली काढायची होती. ती वर्षातून एकदाच निघतात. दर वर्षी आई चढते, यंदा तिच्या गुडघ्यामुळे स्वयंपाकघरात छताखालच्या टांडावर मी चढलो. पातेल्यांमागे हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे काय आहे?"

"बाबांचा डबा," आई खालून म्हणाली. "इथे माझ्या मोबाईलला नेट येत नव्हतं म्हणून लावला होता. मी पुसून ठेवते."

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? भियांशी भांडायला मात्र धावलास."

खाली बटणावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'बंद करू नये'. मी ती रोज बघतो. मला वाटायचं फ्रिजचं बटण आहे. भियांची तार खिडकीतून आधी तुमच्या डब्यात येते, मग हॉलमध्ये. डबा हाताला चटका बसेल इतका तापलेला. मी तार काढून सरळ हॉलच्या राउटरला जोडली. आता एकही पॅकेट हरवत नाही.

काल भिया रस्त्यात भेटले. "चल रिया है?"

"हाँ, अपने आप ठीक हो गया."

"अच्छा," म्हणाले, आणि जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलंय का, हाच आता माझा नवा शक.

तुमचा डबा मी बंद केला नाही. त्याला काही जोडलेलं नाही, तरी दिवा चालू आहे. भियांकडे गेलो तर चूक तुमच्या डब्याची होती असं सांगावं लागेल, तुमचं नाव खराब होईल, म्हणून जात नाही, असं मी आईला सांगितलं. तसं नाही, बाबा. ते चौघं तिथे बसलेले असतात, म्हणून जात नाही.