एकशे सदतिसावी चूक

तीर्थरूप दादास,

चार वर्षांचे राहिलेले सगळे नमस्कार एकत्र बांधून धाकटीचा एकच भलामोठा नमस्कार. आम्ही इकडे ठीक (या 'ठीक'बद्दल पुढे येईलच). तुझी तब्येत कशी आहे? म्हणजे नेमकी कशी आहे? ब्लड प्रेशर किती असतं? साखर निघालेली नाही ना अजून? मुतखड्याचा त्रास तुला कधीच नव्हता असं मला आठवतं, ते बरोबर आहे ना? लघवीची तपासणी शेवटची कधी केली होतीस? वहिनी कशा आहेत? (वहिनींचं नुसतं 'बऱ्या आहेत' एवढं कळवलंस तरी चालेल.)

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते आधी टेबलावर ठेवून दिलं असशील आणि चहा पिऊन मग उघडलं असशील, हे मला इथे बसून दिसतंय. कारण तुलाही माहीत आहे. चार वर्षांपूर्वी मी माझ्या अवकाश-कादंबरीचं बाड तुझ्याकडे पाठवलं होतं. तू शाळेत भौतिकशास्त्र शिकवतोस म्हणून पाठवलं असं मी तेव्हा म्हटलं होतं, पण खरं तर मला तुझ्याकडून एकदा 'वा' ऐकायचं होतं. तीन आठवड्यांनी ते परत आलं, लाल शाईत न्हाऊन. एकशे सदतीस खुणा होत्या, मी मोजल्या. पोकळीत स्फोटाचा आवाज कसा येईल, यानाची खिडकी उघडल्यावर गार वारा कुठून येईल, कपात चहा कसा ओतला जाईल. माझी कप्तान अकरा वेळा रडली होती, आणि अकराही ठिकाणी तू समासात लिहिलं होतंस की वजनरहित अवस्थेत अश्रू गालावरून ओघळत नाहीत, डोळ्यापाशीच गोळा होऊन राहतात. अकरा वेळा, दादा! एकदा लिहून खाली 'वरीलप्रमाणे' म्हटलं असतंस तरी मला समजलं असतं, मी काही तुझ्या आठवीच्या वर्गात नव्हते. आणि शेवटच्या पानावर शेरा काय, तर 'शिवणकाम चांगलं करतेस.' या तीन शब्दांवर मी चार वर्षं अबोला धरला. बाड कचऱ्यात टाकलं, असं मावशीकडून मुद्दाम तुझ्या कानावरही घातलं.

पण अबोला तुझ्याशी होता, कादंबरीशी नव्हता. यापुढे एकही वाक्य स्वतः तपासल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं, आणि तिथून माझे हाल सुरू झाले. सातव्या प्रकरणात यानावरचं उष्णतारोधक आच्छादन फाटतं आणि कप्तान बाहेर तरंगत ते शिवते. शिवण म्हणजे माझा प्रांत, तिथे तरी तुझी लाल शाई चालू द्यायची नाही, असा माझा हट्ट. म्हणून मी दुकानात गादीच्या कापडाचे चार पदरी हातमोजे शिवले, शेजारच्या गॅरेजवाल्याचं हेल्मेट मागून आणलं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना ते सगळं चढवून सुई ओवायला बसले. ओवायलाच चाळीस मिनिटं गेली. चार सुया मोडल्या. पाचवी मांडीत घुसली, आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरल्यामुळे ती नेमकी कुठे घुसली आहे ते दिसेना. नेमक्या त्याच वेळी मुलीचा गणवेश न्यायला आलेल्या एक बाई दारात उभ्या. मी हेल्मेटमधून 'या ना, बसा' म्हटलं. त्यांना ते कसं ऐकू गेलं देव जाणे, त्या गणवेश न घेताच गेल्या. (तो अजून हँगरवर आहे. मुलगी आता त्यात मावायची नाही.) सातव्या प्रकरणात आता कप्तान शिवत नाही, चिकटपट्टी लावते.

पाण्याचं प्रकरण मात्र फार जड गेलं. लांबच्या प्रवासात लघवी, घाम, श्वासातली वाफ, सगळं गाळून त्याचंच पुन्हा पिण्याचं पाणी करतात. ती गाळणी बिघडली की माणसं फक्त साठ्यावर उरतात. तेराव्या प्रकरणात ती बिघडते. मला गाळणीची खडान्‌खडा माहिती हवी होती, आणि एक तज्ज्ञ माझ्या हाताशीच होता, अगदी खरोखर हाताशी, कारण आठवड्यातून तीनदा तो माझ्या डाव्या हातात दोन जाड सुया घालतो. दादा, माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. दीड वर्ष झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास मी डायलिसिसच्या मशीनवर असते. हे वाक्य पत्रात कुठे घालावं याचा मी दोन आठवडे विचार केला, आणि शेवटी ते लघवीच्या संदर्भात आलं. मावशीला मीच गप्प बसवलं होतं, तिच्यावर चिडू नकोस.

तर मशीनवाला (त्याला तिथे सगळे असंच म्हणतात) संशोधनाच्या दृष्टीने सोन्यासारखा माणूस. एका वेळेला मशीनला एकशे वीस लिटर शुद्ध पाणी लागतं, हे त्याने मला सांगितलं. मला स्वतःला दिवसभरात पाऊण लिटर प्यायची परवानगी आहे, चहासकट. शेजारून एकशे वीस लिटर वाहून जाताना ऐकायचं आणि जिभेने ओठ ओले करायचे. तेराव्या प्रकरणातल्या तहानेच्या वर्णनात तुला एकही चूक सापडणार नाही, पैज लाव. सुया घालता याव्यात म्हणून मनगटाजवळ माझी एक शीर धमनीला जोडून दिली आहे, तिच्यावर बोट ठेवलं की आत सतत काहीतरी गुणगुणतं. यानाच्या इंजिनाची थरथर मी तिथूनच उतरवली. आधी आणि नंतर आमचं वजन करतात, अंगात साठलेलं पाणी किती काढायचं ते ठरवायला. जिथे वजनच नाही तिथे हे कसं ठरवतील, असं मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला की बाई, तिथे किडन्या धड असलेल्यांनाच नेत असतील. म्हणजे माझी कप्तान पहिल्या तपासणीतच घरी.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर असत. चार तास जागचा हलू न शकणारा श्रोता किती लेखकांना मिळतो? मी त्यांना वहीत नव्याने लिहिलेलं एकेक प्रकरण वाचून दाखवायची. विज्ञानात ते कधी चूक काढत नसत, त्यांचं लक्ष कोण कुठे चढलं आणि कोण कुठे उतरलं याकडे. (पाचव्या प्रकरणातला एक शास्त्रज्ञ नवव्यात दिसत नाही, हे तुझ्याही नजरेतून सुटलं होतं. त्यांनी धरलं.) एकोणिसाव्या प्रकरणात कप्तानाचा मोठा भाऊ येतो. ती मंगळापाशी, साठ्यातलं दिवसाला पाऊण लिटर पाणी पिऊन दिवस काढते आहे. तो लांब, पृथ्वीजवळच्या दुसऱ्या यानावर. तिसऱ्या प्रकरणापासून दोघांचं बोलणं बंद. त्याच्याकडे दोन गाळण्या आहेत. सात महिन्यांचा प्रवास करून तो येतो आणि एक तिला देतो. कंडक्टरांनी विचारलं, त्याला कळवलं कोणी? मी म्हटलं, कोणी नाही, भाऊ आहे, त्याला कळतं. तेव्हा ते जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते.

"बाई, एकतीस वर्षं मी बसमध्ये उभा राहिलो. बाकावर जागा असते. बसलेला माणूस वाईट नसतो. पण आपणहून कोणी सरकत नाही, खिडकीबाहेर बघत राहतो. 'जरा सरका' म्हणावं लागतं. म्हटलं की सरकतात. सगळे नाही, पण निम्मे तरी."

मला राग आला. शास्त्रीय अचूकता म्हणजे हवेचा दाब, पाणी, इंधन, त्यात बसचा काय संबंध, असं मी त्यांना फाडकन बोलले आणि गुरुवारचा उरलेला वेळ तोंड फिरवून पडून राहिले. (माझे अबोले तुला माहीत आहेतच.) शनिवारी त्यांची खाट रिकामी होती. मला वाटलं, बस चुकली असेल. मग मशीनवाल्याने चादर बदलली आणि तिथे दुसऱ्याच कोणाला तरी झोपवलं. तिथे कोणी 'गेले' म्हणत नाही, 'आज आले नाहीत' म्हणतात. माझी माफी मागायची राहून गेली, याचं मला फार वाईट वाटतं. मी रडले. एका हातात सुया असल्या की कुशीवर वळता येत नाही, आणि उताणं पडून रडलं की अश्रू दोन्ही बाजूंनी सरळ कानात जातात. हे पृथ्वीवरचं आहे आणि तपासलेलं आहे.

म्हणून मी एकोणिसावं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. आता कप्तान भावाला निरोप पाठवते. मंगळ सगळ्यात लांब असतो तेव्हा निरोप जायला बावीस मिनिटं लागतात आणि उत्तर यायला बावीस. तिने बटण दाबलं इथपर्यंत लिहून झालंय, चव्वेचाळीस मिनिटं ती काय काय करते तेही लिहून झालंय (नखं कापते, मग उगाच फडकं मारते). पंचेचाळिसाव्या मिनिटाला काय होतं ते मला लिहिता येत नाही. सोबत बाड पाठवत आहे, सवडीने पाहा, घाई नाही. वहिनींना नमस्कार सांग. लोभ पूर्वी होता त्यातला जेवढा उरला असेल तेवढा राहू दे.

तुझी,
धाकटी

ता. क. वर 'घाई नाही' लिहिलंय ते खोटं आहे. माझी ती जोडलेली शीर दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा पडली तर नवी जागा शोधणं कठीण, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. भावंडाची किडनी मिळाली तर सगळ्यात बरं, असंही म्हणतात. पत्राच्या सुरुवातीला तुझी विचारपूस केली ती रीत म्हणून नव्हती, ती त्यांनी दिलेली यादी आहे, मी क्रमाने उतरवली. आपला रक्तगट एकच आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी आपण दोघांनी शेजारी बसून रक्त दिलं होतं. एका किडनीवर माणूस नीट जगू शकतो, हे मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. तू चौथ्याला विचारशीलच.

पुन्हा ता. क. वहिनी 'नाही' म्हणाल्या तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर हे पत्रच दडवलं असतं. तूही 'नाही' म्हणू शकतोस. पण ते कळव. नुसतं खिडकीबाहेर बघत बसू नकोस.

शेवटचं ता. क. पाकिटातलं बाड नवं नाही. जुनंच आहे, तुझ्या लाल शाईचं. मी ते कचऱ्यात टाकलं नव्हतं, दुकानात कापडाच्या ठाणांखाली ठेवलं होतं. कंडक्टर आले नाहीत त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढलं. तुझ्या एकेका खुणेशेजारी माझी पेन्सिल दिसेल, एकशे छत्तीस चुका दुरुस्त केल्या आहेत. एक मी चार वर्षांपूर्वी खुणा मोजताना पाहूनही पाहिली नव्हती. एकोणिसाव्या प्रकरणात, भावाचं यान येतं तिथेच, समासात तुझं अक्षर आहे: 'याला कोणी कळवलं?' ती एकशे सदतिसावी आज दुरुस्त करते आहे.

दादा, जरा सरक.