पेटी कुंडलला गेली

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

माळ्यावर पेटी नाही!

खंडेनवमी म्हणून काढायला चढले होते. कोयते, खुरपी, ट्रॅक्टर यांची पूजा सकाळीच झाली. माझी पूजा मी दुपारी करते, सगळे आडवे झाले की. हळदकुंकू लावायचं, भाता एकदाच हलवायचा, एक सूर ऐकायचा आणि परत ठेवून द्यायची. बावीस वर्षं एवढंच. लग्नानंतर महिन्याभरात सासूबाईंनी सांगितलं होतं, "आमच्यात बायका पेट्या वाजवत न्हाईत." बाबांनी मिरजेहून आणलेली पेटी. त्या दिवशी माळ्यावर गेली.

आज तिथं तिच्यावर झाकलेली माझी जुनी साडी तेवढी होती. नीट घडी घातलेली.

संध्याकाळी यांना विचारलं. चहा फुंकत म्हणाले, आईच्या वर्षश्राद्धाला कुंडलच्या मुलींच्या शाळेला दिली. आईचं माहेरगाव, काहीतरी द्यायलाच हवं होतं.

"पडूनच हुती की. आता चांगल्या कामाला लागली."

म्हणजे तेरा सप्टेंबर. मी पंगत वाढत होते. शाळेत जाऊन येतो म्हणाले, मला वाटलं पंखाबिंखा देणार असतील. नारळ मीच पिशवीत घालून दिला!

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं वाटलं. सगळ्यांशी हसले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लेकीच्या, संयोगिताच्या मोबाइलमध्ये फोटो निघाले. ती स्वतः पेटी धरून उभी, शेजारी हे, खांद्यावर शाल. पेटीच्या पुढच्या फळीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं — कै. रंगूबाई मानसिंग मोहिते यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.

सासूबाईंच्या नावानं!

लेकीला म्हटलं, मला विचारायचं तरी. ती म्हणाली, "आई, तुला वाजवता येतं हेच मला माहीत नव्हतं."

यांच्यावर चिडता येतं. हिच्यावर कशी चिडू? मीच कधी सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

परत आणा म्हटलं.

"दान केलेलं मागं घेतंय व्हय कोण? आईच्या नावाचं हाय ते."

भाऊसो भावजी जेवायला होते. ते म्हणाले, वहिनी आता पंचेचाळिशीत गाण्याचा क्लास काढणार वाटतं. हे हसले. भावजींचं बोलणं विसरेन, यांचं हसणं नाही.

मीच जाऊन आणते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गेले. मलकापुरातून कराड, तिथून एसटी. पेटी मागायची कशी, ते वाक्य गाडीत दहा वेळा जुळवलं.

मुख्याध्यापिका झुबेदा मुल्ला. नाव सांगताच उठून उभ्या राहिल्या. "आवं, या या. तीन शनिवार वाट बघतोय आम्ही."

मला काही कळेना. त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. शनिवार, शेवटचा तास, संगीत. पुढे माझं नाव! यांनी त्या दिवशी भाषणात जाहीर केलं होतं म्हणे — नुसती पेटी नाही, आमच्या मिसेस दर शनिवारी येऊन शिकवतील. टाळ्या पडल्या. (फोटो झाल्याबरोबर संयोगिता गाडीत जाऊन बसली होती, तिच्याही कानावर नाही.) बाईंनी ते खरं मानलं आणि तास लावून टाकला.

घरात यांच्या तोंडातून 'वाजव' कधी निघालं नाही. माईक हातात आल्यावर पेटीबरोबर मलाही देऊन आले. आणि घरी येऊन मला सांगायचंही सुचलं नाही!

बाई हळूच म्हणाल्या, "जमत नसेल तर आत्ताच सांगा. मुलींना तसं सांगून टाकते. पेटी पुसून उगीच बसून राहतात."

जमत नाही म्हणाले नाही. पेटी द्या, असंही म्हणाले नाही. पाणी प्यायले आणि निघाले.

८ ऑक्टोबर, बुधवार

यांना विचारलं, शाळेत भाषणात काय बोलला होतात?

"आता काय आठवतंय? बोलावं लागतंय तिथं कायतरी."

पेपरातून मान वर केली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सात मुली. अर्धा तास सारेगम. दोन पट्ट्या अडकतात, बोटं त्याहून जास्त.

घरी सांगितलंय, दाताचं काम निघालंय. दर शनिवारी जावं लागेल.